न पडलेल्या पावसाचं पाणी

दोन वर्षं मी एका पाण्याच्या शोधात होते. ते पाणी नदीत आलं होतं, पुलाच्या कठड्याला लागलं होतं, खालच्या वस्तीतल्या भिंतींवर त्याची मातकट रेघ अजून दिसत होती. पण माझ्या कागदांप्रमाणे ते आभाळातून पडलंच नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे पोहरा काठोकाठ भरलेला आणि आड कोरडा, असा उलटा प्रकार होता. त्या कोरड्या आडात एक माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून एक नदी निघते आणि मैदानात उतरून तापीला मिळते. तिचं नाव लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून तिच्याच काठी राहतात. तिच्या पाणलोटावर, म्हणजे जिथे पडलेलं पाणी शेवटी तिच्यातच येतं त्या सगळ्या मुलखावर, दिवसभरात किती पाऊस पडला याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून पूर किती चढेल हे संगणकाला विचारायचं, हे माझं काम. नंदुरबारला बसस्टँडमागच्या एका खोलीत बसून मी ते करते. एवढ्या मुलखात पाऊस मोजायची ठिकाणं पाच. प्रत्येक ठिकाणी एक मापक, म्हणजे वर नरसाळं आणि आत बाटली, आणि रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापाच्या काचेच्या ग्लासात ओतून आकडा वाचणारा एक माणूस. नकाशावर मी प्रत्येक मापकाला त्याच्या वाट्याचा तुकडा आखून दिला आहे. त्या तुकड्यात सगळीकडे तेवढाच पाऊस पडला असं धरायचं. धरायचं, म्हणजे पडला असं नव्हे.

माझे वडील रनाळ्याला शेती करतात. त्यांना हे मी एकदा समजावून सांगितलं.

‘बैलनं एक शिंग ओलं ऱ्हास, एक कोल्लं,’ ते म्हणाले. ‘तू आख्खा डोंगरना पाऊस एक बाटलीमा कसा काय बसाडस?’

मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, आणि समोरचा बरोबर बोलत असेल तर तो जास्तच लवकर येतो.

पाचवा मापक वर डोंगरात होता, धडगावच्या रस्त्यावरून आत पायवाटेने गेल्यावर लागणाऱ्या एका पाड्यात. नकाशावरचा सर्वात मोठा तुकडा त्याचा, आणि पाऊसही सर्वात जास्त तिथेच. तिथला मोजणारा माणूस मला फक्त फोनवरच्या अक्षरांतून माहीत होता. नऊ-सव्वानऊला त्याचा मेसेज यायचा, आकडा आणि खाली त्याचं नाव. पाऊस नसला की मेसेजही नसायचा. चार वर्षांत मी एकदाही वर गेले नव्हते. घाटात मला मळमळतं, हे कारण मी स्वतःला पुरवून पुरवून वापरत होते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, ११.२ मिलिमीटर. त्याच दिवशी संध्याकाळी नदी पुलाच्या कठड्याला लागली. त्या दिवसभरात पडलेलं पाणी मोजलं जाणार होतं दुसऱ्या सकाळी, आणि दुसऱ्या सकाळपासून चार दिवस वरून काहीच आलं नाही.

या चार दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. चौथ्या दिवशी त्याला मेसेज पाठवला. तो मला पाठ आहे. ‘आकडे का येत नाहीत? कामात हयगय चालणार नाही. उद्यापासून रोज आकडा आला पाहिजे, पाऊस नसला तरी.’ पाचव्या दिवशी आकडा आला, खाली त्याचंच नाव. चला, दम दिला की कामं होतात, असं मी स्वतःवरच खूश होऊन म्हटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते रिकामे चार दिवस भरले. त्याला आमच्यात सोपी रीत आहे. एका ठिकाणचा आकडा नसला की शेजारच्या ठिकाणांवरून हिशेबाने काढायचा. शेजारचे चारही मापक मैदानात होते, जिथे त्या दिवशी बेताचाच पाऊस होता. त्यांच्यावरून पहिल्या रिकाम्या दिवसाचा आकडा निघाला २१.६. मी तो चौकटीत बसवला. असा भरलेला आकडा वेगळ्या रंगात लिहायचा असतो, म्हणजे पुढच्याला कळतं की हा मोजलेला नाही. मी तो काळ्यातच लिहिला.

मग संगणकाला पूर विचारला. तो म्हणाला, पुलाखाली पाणी कमरेइतकं. मी पुलाशी जाऊन उभी राहिले तर कठड्यावरची गाळाची रेघ माझ्या डोक्याच्याही वर हातभर होती. आमचे साहेब म्हणाले, जमीन पाणी कमी पिते असं धरा. मी धरलं. डोंगरातली सगळी माती मी एका बोटाने दगडाची केली. तेव्हा तो एक पूर जुळला, पण बाकीचे पूर वेडे झाले. साध्या श्रावणसरीत कागदावर वस्त्या बुडायला लागल्या. मी पुन्हा दगडाची माती केली. असं किती वेळा केलं याला गणती नाही. भाजी निवडताना, रिक्षात बसताना डोळ्यांसमोर तीच रेघ यायची. मला तिची भीती वाटायला लागली होती, खरंच सांगते. एवढं पाणी कुठून तरी आलेलं असणार आणि मला ते ठिकाण दिसत नव्हतं.

इकडे वरचे आकडे विलक्षण नेमाने येत होते. रोज, नऊ वाजून दहा मिनिटांच्या आसपास. पाऊस नसला तर शून्य. दिवाळीनंतर मोजायची गरज नसते, तरी शून्य आलं. जानेवारीत शून्य. चैत्रात, उन्हाने डांबर मऊ पडलेलं असताना, शून्य, आणि खाली त्याचं नाव. ‘आता पावसाळ्यापर्यंत थांबलात तरी चालेल,’ असा मेसेज मी पाठवला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजून अकरा मिनिटांनी शून्य आलं. तेव्हा प्रथम माझ्या पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. पण कोणी फार शिस्तीने काम करतो अशी तक्रार कोणाकडे करणार?

पूर येऊन दोन वर्षं झाली तेव्हा मी ठरवलं, एकदा मापक डोळ्यांनी बघून यायचा. नरसाळं वाकडं असेल, झाडाची फांदी वर आली असेल. शहाद्याहून वडापच्या जीपमध्ये बसले. सकाळचा आकडा आधीच आला होता, १७.८. घाटात धुकं इतकं की ड्रायव्हरने भर दिवसा दिवे लावले होते.

‘कोठे उतरनं शे ताई?’ त्याने विचारलं.

मी पाड्याचं नाव सांगितलं, आणि ज्याच्याकडे जायचं होतं त्याचंही.

‘तो?’ ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. ‘तो ते दोन वरीस व्हयनात, नालामा गया. सापडना बी नही.’

‘दुसरा कोणी असेल,’ मी म्हटलं, आणि मग आपोआप घरच्या बोलीवर आले. ‘आज सकायले त्याना आकडा ऊना मन्हा फोनवर.’

मी फोन पुढे केला. त्याने एका हाताने स्टिअरिंग धरून नाव वाचलं, फोन परत दिला आणि हात पँटला पुसला. उतरताना तो एवढंच म्हणाला, ‘एकली नको जाऊ ताई.’ पण माझ्याबरोबर यायला कोणी उतरलं नाही.

पायवाट एका टेकाडावर चढत होती. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. आणि धुक्यात पुढे कुठेतरी फोन वाजायला लागला. तो थांबला तसा दुसरा वाजला, वेगळ्या सुरात. जवळ गेले तर एक मोहाचं झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना हाताएवढ्या कापडी पिशव्या लटकत होत्या, वरून प्लास्टिक बांधलेल्या. त्या भागात नेटवर्क फक्त त्या टेकाडावर येतं. म्हणून लोक फोन तिथेच झाडाला टांगून ठेवतात आणि येता-जाता कोणाचा आला ते बघतात. हे मला नंतर कळलं. त्या घटकेला मला फक्त वाजणारं झाड दिसत होतं.

मी काय केलं ते आता मलाच खरं वाटत नाही. मी त्या माणसाचा नंबर लावला. डोक्याशीच, डाव्या हाताला, एका पिशवीत उजेड झाला.

फोन कापायचं मला सुचेना. नाल्याच्या बाजूने शेळ्या वर आल्या आणि त्यांच्यामागून एक बाई आली, माझ्याच वयाची, डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता घेतलेली. तिने ती पिशवी उतरवली, आत बघितलं आणि मग माझ्याकडे.

‘तू आकड्यावाली बाई?’ तिने विचारलं. डोंगरात साहेबालाही तूच म्हणतात.

‘हो. दादा कुठायत?’ मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

‘बाहेर गेलाय,’ ती म्हणाली. ‘आकडा रोज येतो ना तुला?’

ती त्याची बायको होती. तिच्यामागून मी टेकाड उतरले. खाली नाला होता, मांडीइतक्या उंच दगडांमधून वाहणारा, पाणी घोट्याएवढं. पलीकडे पाडा. ती मधल्या दगडावर थांबली, वरच्या अंगाला क्षणभर बघितलं आणि पुढे गेली. मी तो दगड टाळून पाण्यातून गेले. ती रोज आकडा घेऊन इथूनच जात होती आणि इथूनच येत होती.

घरासमोर दगडांच्या कुंपणात मापक होता. इतका स्वच्छ मापक मी आमच्या कार्यालयाच्या आवारातही पाहिलेला नाही. नरसाळ्यात पान नाही, काडी नाही. मापाचा ग्लास धुऊन काठीवर उलटा घातलेला. माझ्या दोन वर्षांच्या संशयाची मला लाज वाटली.

घरात तिची भाषा वेगळी, माझी वेगळी. मोडक्यातोडक्या मराठीने आम्ही कसंबसं भागवलं. तिने सांगितलं ते असं. त्या सकाळी त्याने साडेआठला पाणी मोजलं, नाला ओलांडून टेकाडावर गेला आणि मला आकडा पाठवला. फोन नेहमीप्रमाणे झाडाला टांगला. तेवढ्यात वर ढग बसला. बसला म्हणजे दिवसभर उठलाच नाही. येताना नाल्याने त्याला नेलं असं सगळे म्हणतात. पण बघितलं कोणीच नाही. पाड्यातली माणसं चार दिवस खाली पार मैदानापर्यंत शोधून आली. काही मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

‘मग तुझा मेसेज आला,’ ती म्हणाली. ‘शाळेच्या गुरुजींनी वाचला. रोज आकडा पाहिजे. नाही आला तर दुसरा माणूस ठेवशील. मग तो येईल तेव्हा त्याचं काम कुठे?’

दुसरा माणूस ठेवीन असं मी लिहिलं नव्हतं, पण माझ्या सुरात ते होतं. तिला वाचता येत नव्हतं. ग्लासावरचे आकडे ती त्याच्या शेजारी बसून शिकली होती, आणि त्याचं नाव तिने जुन्या मेसेजवरून, रांगोळीसारखं, बघून बघून उतरवलं होतं. दोन वर्षं ती मेलेल्या माणसाची नोकरी सांभाळत नव्हती. जिवंत माणसाची जागा धरून बसली होती, बसमध्ये रुमाल टाकतात तशी.

मी तिला विचारलं, ‘त्या चार दिवसांत मापकात काय होतं? काही आठवतं?’

‘आठवायचं कशाला,’ ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

बियाण्याच्या कणग्यांच्या वर, आढ्याला दोरीने बांधलेला पाच लिटरचा तेलाचा कॅन लटकत होता. झाकणावर प्लास्टिक, प्लास्टिकवर सुतळीचे वेढे. त्याच्या शेजारी तीन बाटल्या. एकीत बऱ्यापैकी पाणी, दुसरीत तळाशी बोटभर, तिसरी रिकामी, पण तिलाही झाकण घट्ट लावलेलं.

त्याने तिला एकच गोष्ट पक्की सांगून ठेवली होती. काहीही होवो, साडेआठला बाटली रिकामी झाली पाहिजे, आजचं पाणी उद्याच्या पाण्यात मिसळता कामा नये. त्या दुसऱ्या सकाळी पाडा नाल्याकाठी ओरडत फिरत होता, तेव्हा ही मापकाशी आली होती. बाटली भरून बाहेरच्या भांड्यातही पाणी उतरलं होतं. तिने थेंबन् थेंब कॅनमध्ये भरला. मोजलं नाही. मोजायचं काम त्याचं. पुढचे तीन दिवसही तसंच. चौथ्या दिवशी पाऊस नव्हता, म्हणून ती बाटली रिकामी ठेवली.

दोन वर्षं मी जे शोधत होते ते पाणी माझ्या डोक्यावर दोरीला लटकत होतं. कॅन किंचित हलत होता. घरात वारा नव्हता.

‘मोजूया?’ मी विचारलं. माझा आवाज मलाच हावरट वाटला.

‘नको. तो मोजील.’

मी गप्प बसायला हवं होतं. पण तिच्यासमोर काही लपवून ठेवणं मला जमेना. मी सांगून टाकलं, की ते चार दिवस माझ्या कागदावर रिकामे नाहीत. मी माझ्या मनाने भरले आहेत. मैदानातला पाऊस बघून इथला लिहिला आहे.

‘त्या दिवसाचा किती लिहिला?’

मी बोटाने ग्लासावर दाखवलं. एक ग्लास आणि वर थोडं.

‘एवढ्यात तर नाला भिजत पण नाही,’ ती म्हणाली. मग सावकाश, मला समजावं म्हणून एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, ‘बाई, एवढाच पाऊस होता, तर तो कशात गेला?’

माझ्या काळ्या आकड्याने तिच्या नवऱ्याला कोरड्या नाल्यात बुडवलं होतं. नाहीतर मग तो बुडालाच नव्हता, कुठेतरी निघून गेला होता, तिला टाकून. पाड्यात तसंही म्हणणारी माणसं असणार. तिच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं.

ती उठली, पाटावर चढली आणि सुतळी सोडली.

मोजलं तिनेच. अंगणात, मापकाशेजारी उकिडवी बसून. पाण्याला हिरवट झाक आली होती, वास मात्र नव्हता. ग्लास डोळ्यांसमोर धरायचा, पाण्याची खोलगट कड जिथे टेकते तो आकडा सांगायचा, आणि पाणी डाव्या हाताला फेकायचं. तो डावीकडे फेकत असणार, कारण तिथलं गवत दाट होतं. एका ग्लासात वीस मिलिमीटर मावतात. दहा ग्लास पूर्ण भरले. प्रत्येक वेळी ती ‘वीस’ म्हणायची आणि मी लिहायची. अकरावा भरला नाही. त्यात चौदा पूर्णांक चार होते. तो तिने लगेच फेकला नाही. बराच वेळ हातात धरला. मी दुसरीकडे बघितलं.

‘दोनशे चौदा पूर्णांक चार,’ मी म्हटलं.

‘खूप आहे?’

‘खूप आहे. त्याच्यापुढे कोणाचं काही चाललं नसतं.’

तिने मान हलवली आणि ग्लास रिकामा केला. मग त्या दोन बाटल्या मोजल्या. शेवटी तिने रिकाम्या बाटलीचं झाकण काढलं, ती ग्लासावर उलटी धरली, थांबली, ग्लास डोळ्यांसमोर नेला आणि म्हणाली, ‘शून्य.’ तेही मी लिहिलं.

रडली ती नाही, मी रडले. तिने मला पाणी आणून दिलं आणि नाल्यापर्यंत सोडायला आली.

खोलीवर परत आल्यावर मी २१.६ खोडून खरा आकडा घातला. मातीला हात लावला नाही. संगणकाने पूर काढला आणि पाणी पुलाच्या कठड्याला जाऊन टेकलं, गाळाच्या रेघेवर, जणू कोणी पट्टी धरून आखलं होतं. मला आनंद झाला नाही. दिवसभराच्या पावसाची तासागणिक वाटणी मी मैदानातल्या स्वयंचलित यंत्रावरून केली होती, त्यामुळे तो अंदाजच. पण त्या अंदाजात त्यांचा नालाही होता, पातळ निळी रेघ. ती पावणेदहाला सपाट आहे आणि दहाला उभी चढते. त्याचा मेसेज नऊ वाजून दहा मिनिटांनी निघालेला. टेकाड उतरून नाला ओलांडायला पाव तासच लागतो, हे मी स्वतः चालून पाहिलं होतं. ती रेघ मी बंद केली आणि पुन्हा उघडलेली नाही. तिला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

वडिलांना मात्र सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तो आकडा कोना नावं लिखा तू?’ मी म्हटलं, त्याच्याच. त्या दिवशी कामावर तोच होता.

डोंगरातून परत आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी फोन समोर ठेवून बसले. नऊ वाजून दहा झाले, सव्वानऊ झाले. वरून काही नाही. साडेनऊला मी चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मेसेज आला, ६.०. खाली एका बाईचं नाव होतं, अक्षरं एकेक करून जुळवलेली, त्यातलं एक चुकलेलं.